समुद्र लांब, नदी दारात: वादळाच्या दिवसांत छोट्या रेडिओ स्टेशननं काय बोलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बडोद्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर नुकते रुजू झाला आहात. माणसं चार, स्टुडिओ एक, ट्रान्समीटर ५० वॅटचा. अरबी समुद्रात वादळ तयार झालं की स्टेशननं काय करायचं, याचा आराखडा तुमच्याकडे मागितलाय. अमेरिकेत हरिकेनच्या वेळी तिथली स्टेशनं दिवसरात्र लाइव्ह असतात असं तुम्ही ऐकलंय. आपणही तसं करावं का, बाहेर माणूस पाठवावा का, लोकांचे फोन थेट लावावेत का, गाणी बंद ठेवावीत का, असं विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, ‘बडोदा समुद्रापासून एवढं लांब, मग आम्ही वादळाबद्दल सांगणार तरी काय?’

ही शेवटची ओळ मी आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्याची उत्तरं तिच्यातून निघतात. मी आधी आकाशवाणीत कॅज्युअल अनाउन्सर होते, नंतर छोट्या स्टेशनांच्या मुलांना शिकवत आले, आणि माझं राहणं कायम दांडिया बाजारातलं. त्यामुळे जे लिहितेय ते बडोद्यापुरतं आणि तुमच्याएवढ्या स्टेशनापुरतं. किनाऱ्यावरच्या स्टेशनाचं गणित वेगळं असतं.

ताउते वादळ १७ मे २०२१ च्या रात्री दीव-ऊना भागात जमिनीवर आलं तेव्हा तिथे वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता. ती जागा आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ आलं, ते तर आणखी लांब. दोन्ही वेळा आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर उसळत्या लाटा दिसत होत्या. आता ऑगस्ट २०२४ आठवा. शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर पाण्यात गेलं, माणसं घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकून पडली. ते सगळं घडवणारी प्रणाली तेव्हा गुजरातच्या जमिनीवरच होती आणि हवामान खात्याच्या वर्गवारीत ते चक्रीवादळ नव्हतंच. ती कच्छ ओलांडून समुद्रात गेली, तिथे जोर धरला, आणि ३० ऑगस्टला तिचं ‘असना’ असं नामकरण झालं. म्हणजे बडोदा बुडालं तेव्हा त्या वादळाला नावही नव्हतं. ३१ जुलै २०१९ ला तर नाव घ्यायला कुठलं वादळच नव्हतं, तरी एका दिवसात शहरावर सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला.

म्हणून माझं म्हणणं असं, की वादळ कुठे आहे हे सांगायला हवामान खातं आहे, आकाशवाणी आहे, टीव्ही आहे. वडसरच्या तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला पुढच्या तीन तासांत काय करायचंय, हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही. आराखडा त्या बाईच्या तीन तासांवर बांधा.

अमेरिकेतल्या स्टेशनांबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते खरं आहे, पण त्यातलं घ्यायचं काय ते पाहा. कतरिना हरिकेन २९ ऑगस्ट २००५ ला न्यू ऑर्लिन्सजवळ आलं. बंधारे फुटले आणि वारा ओसरल्यावरही शहरात पाणी भरत राहिलं. बहुतेक स्टेशनं बंद पडलेली असताना डब्ल्यूडब्ल्यूएल हे जुनं मिडियम वेव्ह स्टेशन चालू राहिलं. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांनी मग आपली माणसं एकत्र आणली आणि एकच कार्यक्रम अनेक स्टेशनांवरून जाऊ लागला. पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हरिकेन आलं, बेटभर वीज गेली, मोबाइलचे जवळजवळ सगळे टॉवर बंद पडले, आणि वापा रेडिओ तेवढा बोलत राहिला. दोन्हीकडे स्टेशनाचं मोठं काम वारा थांबल्यावर सुरू झालं. बडोद्याचं अगदी असंच आहे. इथे पाऊस उघडतो, ऊन पडतं, लोक गाड्या खाली आणून लावतात, आणि आजव्याकडून आलेलं पाणी मागाहून चढतं. आजवा सरोवर शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आहे. तिकडचं पाणी शहरात पोचायला तास लागतात. ते तास म्हणजे तुमची वेळ. नदी पात्राबाहेर आल्यावर सांगितलेलं फारसं कुणाच्या कामाचं नसतं.

दिवसरात्र लाइव्ह राहावं का? तुमच्या साधनांत नाही, असं माझं मत. याचा हिशेब करून दाखवते, कारण हा निर्णय भावनेवर घेतला जातो आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशन मुकं होतं. ट्रान्समीटर, छोटा मिक्सर आणि एक लॅपटॉप मिळून साधारण साडेतीनशे वॅट धरा, एसी बंद. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या असतील तर कागदावर ३६०० वॅट-तास दिसतात. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टर थोडं खातो. हातात दीड हजार उरतात. म्हणजे अखंड चाललात तर चार-साडेचार तास. जनरेटर असेल तर तो भाराखाली ताशी किती डिझेल पितो हे पावसाळ्याआधी स्वतः मोजा, आणि तो कुठल्या मजल्यावर आहे ते पाहा. तळघरातला जनरेटर पहिल्याच पाण्यात जातो. पाणी आल्यावर वीज कंपनी अपघात टाळायला स्वतःहून पुरवठा बंद करते, त्यामुळे ‘आमच्या भागात लाइट जात नाही’ हा भरवसा पुराच्या दिवशी धरू नका.

दुसरी बाजू ऐकणाऱ्याची. त्याच्याकडेही बॅटरीच आहे. मोबाइलवर एफएम ऐकायचा तर वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. आणि बऱ्याच नव्या फोनांत एफएम नसतोच. तुमचं अ‍ॅप इंटरनेट गेल्याबरोबर थांबेल. तेव्हा तुमचा ऐकणारा चोवीस तास कान लावून बसणार नाही, त्याला परवडणारही नाही. त्याला नेमकी वेळ द्या. दर तासाच्या ठोक्याला आणि दर साडेला, दहा मिनिटं. वीज असेल तर मधल्या वेळेत नेहमीचा कार्यक्रम चालू द्या. वीज नसेल तर मध्ये ट्रान्समीटर सरळ बंद ठेवा, पण आधी शंभर वेळा सांगून ठेवा की साडेसातला आम्ही परत येऊ. आणि साडेसात म्हणजे साडेसात. वेळ चुकली तर लोक धरून चालतात की स्टेशन गेलं. या पद्धतीत तीच बॅटरी बारा तासांच्या पुढे जाते आणि तुमची चार माणसं आळीपाळीनं झोपूही शकतात. न झोपलेला अनाउन्सर पहाटे चार वाजता आकडा चुकीचा वाचतो. नदी सर्वांत उंच असण्याची वेळ पहाटेचीही असू शकते.

एक अपवाद आहे. पातळी झपाट्यानं वाढत असेल आणि लोकांना हलवणं चालू असेल, तर ते दोन-तीन तास अखंड राहा. बॅटरी त्यासाठीच वाचवलेली असते.

आता त्या दहा मिनिटांत काय. क्रम ठरलेला असावा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आपल्या कामाचं कधी येणार. मी शिकवते तो नमुना असा; आकडे नुसते उदाहरणाचे आहेत:

‘संध्याकाळचे सात वाजले आहेत. काळाघोडा पुलापाशी विश्वामित्रीची पातळी साडेसहाला २४ फूट होती. पाच वाजता साडेबावीस होती, म्हणजे नदी वाढते आहे. धोक्याची पातळी २६ फूट. ही माहिती महापालिकेच्या नियंत्रण कक्षाची. महापालिकेची सूचना अशी की नदीकाठच्या तळमजल्यावरच्या लोकांनी औषधं, कागदपत्रं आणि गाड्या आत्ता वर हलवाव्यात. अमुक पूल बंद आहे, तमुक पूल चालू आहे. पुढची माहिती साडेसातला.’

यात तीन गोष्टी सोडू नका. आकडा कितीचा, कितीला घेतला, आणि आधी किती होता. नुसतं ‘पातळी २४ फूट’ याला अर्थ नाही. चढती २४ आणि उतरती २४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माहिती कुणाकडून आली ते प्रत्येक वेळी सांगा, कंटाळा आला तरी. आणि काहीच बदललं नसेल तर ‘साडेसहापासून बदल नाही’ हे तितक्याच गांभीर्यानं सांगा. अंधारात बसलेल्या माणसाला ती मोठी बातमी असते.

आकडे लोकांच्या मापात द्या. हवामान खातं पाऊस मिलिमीटरमध्ये देतं, आपल्याकडे सगळे इंचात बोलतात. २५ मिलिमीटरचा एक इंच करून दोन्ही सांगा. रस्त्यावरचं पाणी घोट्याइतकं, गुडघ्याइतकं की कमरेइतकं, असं विचारा आणि असंच सांगा. ‘भरपूर पाणी’ ऐकून स्कूटरवाला काही ठरवू शकत नाही, ‘गुडघ्याच्या वर’ ऐकून परत फिरतो. वाऱ्याचा वेग सांगितलात तर पुढे त्याचं काम सांगा: पत्रे उडतात, होर्डिंग पडतात, झाडाखाली गाडी लावू नका. ‘रौद्र’, ‘तांडव’, ‘हाहाकार’ हे शब्द स्टुडिओतून हद्दपार करा. त्यांनी भीती वाढते, माहिती वाढत नाही. आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली, वेग थोडा कमी. फोन नंबर असेल तर दोनदा, सावकाश: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१.

हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या सूचना साधारण दर तीन तासांनी येतात. त्यांचे टप्पेही असतात: बहात्तर तास आधी पूर्वसूचना, अठ्ठेचाळीस तास आधी पिवळा इशारा, चोवीस तास आधी नारिंगी, आणि बारा तास आधी लाल, ज्यात जमिनीवर आल्यानंतरचा अंदाज असतो. हा शेवटचा आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण आत सरकणाऱ्या वादळाचा पाऊस कुठे पडेल ते त्यात असतं. ताउते ऊन्याहून वर अहमदाबादच्या दिशेनं सरकलं होतं. नकाशावरची मधली रेघ पाहून ‘वादळ इथे येणार’ किंवा ‘आपण वाचलो’ असं कधी म्हणू नका. रेघेच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा दाखवतात, तो सगळा शक्यतेचा असतो.

कायद्याचं एक वाक्य, कारण नवीन माणसं इथे अडखळतात. खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी आणि नैसर्गिक आपत्ती यांबद्दल स्थानिक प्रशासनानं दिलेली माहिती बातमीत धरली जात नाही. म्हणजे तुम्हाला हवं ते जवळजवळ सगळं करता येतं, फक्त ते प्रशासनाकडून आलेलं हवं. त्यासाठी नियंत्रण कक्षातल्या एका माणसाची ओळख मे महिन्यातच करून घ्या. स्वतः जाऊन भेटा, चहा घ्या, तुमची वेळ-पद्धत समजावून सांगा, आणि विचारा की तासाच्या पाच मिनिटं आधी मी फोन केला तर पातळी कोण सांगेल. पुराच्या रात्री अनोळखी फोन तिथे कुणी उचलत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

लोकांच्या फोनबद्दल माझं मत पक्कं आहे: घ्या सगळे, थेट लावू नका. एक माणूस फोनवर बसवा आणि त्याच्यापुढे वही. वेळ, भाग, ओळखीची खूण, पाणी कुठपर्यंत, आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत?’ ऐकलेलं सगळं वेगळ्या पानावर. एकाच जागेबद्दल दोन वेगळी माणसं पाहिलेलं सांगतात, तेव्हा ते नियंत्रण कक्षाला कळवा आणि त्यांनी दुजोरा दिला की हवेत जाऊ द्या. अडकलेल्यांचे फोन आले तर लगेच १०७७ ला पोचवा, वहीत कळवल्याची वेळ लिहा, आणि अर्ध्या तासानं परत विचारा. नाव आणि घराचा पत्ता मात्र प्रसारित करू नका. ‘आम्ही सगळे घर सोडून निघालोय’ हे चोरांनाही ऐकू जातं.

आणि अफवा. बडोद्याच्या दर मोठ्या पावसात एक अफवा ठरलेली असते: ‘आजवा फुटला.’ गुजरातेत या शब्दांमागे खरी आठवण आहे. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरण फुटून मोरबी वाहून गेलं होतं. त्यामुळे म्हातारी माणसं हे ऐकून हसत नाहीत, रस्त्यावर धावत सुटतात, आणि रात्रीच्या पाण्यात धावणंच जिवावर बेततं. अफवा खोडताना तिचं वाक्य पुन्हा म्हणू नका. अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानात तेवढंच राहतं. थेट खरं सांगा: ‘आजवा सुरक्षित आहे, पातळी इतके फूट आहे, हे नियंत्रण कक्षानं आठ वाजून वीस मिनिटांनी सांगितलं.’ तुमच्याकडे दुजोरा आला नसेल, तर दुजोरा मागवलाय आणि साडेआठला सांगू, एवढंच म्हणा. मगरींचंही तसंच. विश्वामित्रीत मगरी आहेत, पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात, हे खरं आहे. पण फिरणारे निम्मे व्हिडिओ मागच्या पुरांचे असतात. तेव्हा कुठे, कितीला, कुणी पाहिली आणि वन खात्याला कळवलं का, एवढं विचारा. गर्दी करू नका हे सांगा.

बाहेर माणूस पाठवू नका. वाऱ्यात माइक धरून उभं राहणं टीव्हीवर चित्र म्हणून चालत असेल, रेडिओवर त्यातून नुसता खरखराट येतो, आणि झाकण निघालेलं गटार पाण्याखाली दिसत नाही. त्याऐवजी पावसाळ्याआधी प्रत्येक भागात एक कान-डोळा तयार करा: मेडिकलवाला, शाळेचा शिपाई, मंदिराचा पुजारी, रिक्षा स्टँडवरचा दादा. ते आपल्या गॅलरीतून, आपल्या ओट्यावरून बघून सांगतात. त्यांना शिकवायचं एवढंच, की एक खूण ठरवा, समोरच्या भिंतीवरची पायरी म्हणा, आणि दर वेळी त्याच खुणेवरून सांगा.

भाषेचं थोडं. तुमचं प्रसारण गुजरातीत असणार, ते योग्यच. पण मकरपुऱ्याच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेली पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्यांना गुजराती सूचना पुरती कळत नाही. आणि आपल्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या आजींना घाबरल्या वेळी मराठीच आत शिरते, साठ वर्षं गुजराती बोलत असल्या तरी. दहा मिनिटांतली शेवटची दोन हिंदी आणि मराठीला द्या. फक्त कृतीची वाक्यं: काय करा, काय करू नका, पुढची वेळ.

तांत्रिक बाजूला दोनच गोष्टी. अँटेनाच्या केबलच्या जोडांत पाणी शिरलं की अँटेनातून बाहेर न पडता ट्रान्समीटरकडे परत येणारी शक्ती वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो. स्टुडिओत सगळं ठीक दिसतं आणि चार किलोमीटरवर आवाज नाहीसा होतो. मे महिन्यात ते जोड उघडून, सुकवून, नव्यानं टेप करून घ्या. आणि स्टुडिओत पोचताच आलं नाही तर ट्रान्समीटरपाशी बसून एका माइकवर बोलता येईल, अशी सोय करून एकदा प्रत्यक्ष चालवून बघा.

पाणी ओसरल्यावर मात्र तास वाढवा. या टप्प्यावर बहुतेक स्टेशनं नेहमीच्या कार्यक्रमावर परततात आणि मला ते फार खटकतं. लोकांचे प्रश्न तेव्हाच सर्वांत जास्त असतात: टँकर कुठे आलाय, पाणी उकळून प्यायचं का (हो), ओला मीटर सुरू करायचा का (वीज कंपनीच्या माणसानं बघितल्याशिवाय नाही), कुठला दवाखाना उघडा आहे, नुकसानीचा पंचनामा कधी, गाडीचा विमा मागायचा तर आधी फोटो काढायचे का (हो, आणि बुडालेलं इंजिन चालू करून बघू नका). हे कमीत कमी आठवडाभर चालवा.

राहिलं गाण्यांचं. वीज असेल आणि मधला वेळ रिकामा असेल तर गाणी जरूर लावा. गाणं वाजतंय म्हणजे स्टेशन जिवंत आहे, आपली बॅटरी चालते आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं. शोकाची नकोत, धिंगाण्याचीही नकोत; नेहमीची, ओळखीची. फक्त पाऊस आणि नदीची गाणी त्या दिवसांपुरती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, आणि संगणकावर आपोआप वाजणारी यादी आधीच तपासून घ्या. आणि गाणं कितीही छान रंगलेलं असो, ठोक्याला दहा सेकंद उरले की ते खाली आणा.